‘नव्या गॅलॅक्टिकाने विज्ञान सोडलं’ म्हणणाऱ्यांना

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या नावाच्या दोन मालिका आहेत. पहिली ग्लेन लार्सन यांची, १९७८ची. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ती एकच सीझन चालली. दुसरी रोनाल्ड मूर यांची. डिसेंबर २००३मध्ये लघुमालिका म्हणून ती सुरू झाली आणि मार्च २००९मध्ये संपली. कथाबीज दोन्हींचं एकच आहे. सायलॉन नावाची यंत्रजमात माणसांच्या बारा वसाहती बेचिराख करते आणि वाचलेली मूठभर माणसं गॅलॅक्टिका या युद्धनौकेच्या आडोशाने पृथ्वी शोधत निघतात.

दोन्हींची तुलना निघाली की एक दावा हमखास पुढे येतो. जुनी मालिका म्हणजे खरी विज्ञानकथा. नवीने विज्ञान बाजूला सारलं आणि त्या जागी रडारड, राजकारण आणि देवधर्म भरला. स्टारबक या वैमानिकाला बाई केलं, सायलॉनना माणसाचे चेहरे दिले आणि शेवट चक्क देवाच्या गळ्यात बांधला. हे इतक्या वेळा बोललं गेलंय की तपासून पाहायची गरजच कुणाला वाटत नाही. शेवटाबद्दलच्या तक्रारीत दम आहे, त्यावर पुढे येतेच. बाकीच्या मुद्द्यांना मात्र खुद्द जुनी मालिकाच साथ देत नाही. ती मला आजही मनापासून आवडते, म्हणून तिच्या नावाने चुकीचं बोललेलं जास्त लागतं.

‘जुनीत खरं विज्ञान होतं’

यातलं ‘खरं’ म्हणजे नेमकं काय? सेंटॉन, मायक्रॉन, याहरेन ही वेळेची एककं ऐकायला छान वाटतात, पण ती नुसती नावं आहेत. अंतराचा हिशेब त्या मालिकेला कधी जमलाच नाही. सूर्यमाला आणि दीर्घिका हे शब्द तिथे जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. ताफा सगळ्यात हळू जहाजाच्या चालीने चाललाय असं सांगतात, तरी वस्ती असलेला नवा ग्रह पुढच्या भागात हजर असतो. आपल्या सूर्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर १ या यानाला एवढं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. ताऱ्या-ताऱ्यांमधली ही भयाण पोकळी जुन्या मालिकेत जाणवतच नाही.

नव्या मालिकेतली ‘जंप’, म्हणजे एका क्षणात दूरच्या ठिकाणी पोचणं, हीसुद्धा शुद्ध कल्पना आहे. त्यामागचं भौतिकशास्त्र कुणी सांगत नाही. पण तिला नियम आहेत आणि ते पाळले जातात. आधी गणित करून ठिकाण ठरवावं लागतं, लांब उडीत चूक वाढत जाते, इंधन संपतं. कल्पना एकदा मान्य केली की पुढे लेखकाला पळवाट मिळत नाही.

हे सगळ्यात ठळक कुठे दिसतं, तर दोन्ही मालिकांनी वापरलेल्या एका प्रसंगात. नौकेला आग लागते.

जुन्या मालिकेतल्या ‘फायर इन स्पेस’ या भागात सायलॉन आपली विमानं गॅलॅक्टिकावर आदळवतात आणि आत आग पसरते. काही माणसं अडकतात. अपोलो आणि स्टारबक हे वैमानिक बाहेरून नौकेच्या पाठीवर जाऊन स्फोटकं लावतात, कवच फुटतं आणि बाहेरची निर्वात पोकळी आग गिळून टाकते. कल्पना अगदी बरोबर आहे. ऑक्सिजन गेला की ज्वाला गेली. पण हवा गेली की माणूसही साधारण १५ सेकंदांत शुद्ध हरपतो. इथे ती वेळ येत नाही. यांत्रिक कुत्रा श्वासाचे मुखवटे घेऊन नळीतून धावत येतो आणि आपल्या ओळखीची सगळी पात्रं सुखरूप बाहेर पडतात.

आता २००३ची लघुमालिका बघा. गॅलॅक्टिकाच्या बाजूवर अणुबॉम्ब आदळलाय, आत आग धावतेय. उपकप्तान टाय हुकूम देतो की दारं सील करा आणि ते कप्पे पोकळीला उघडे करा. डेकचा प्रमुख टायरॉल ओरडून सांगतो, माझी माणसं आत आहेत. टाय हुकूम मागे घेत नाही. आग विझते आणि ८५ माणसं जातात. आणखी जरा वेळ मिळाला असता तर ती निघाली असती, हे टायरॉल नंतर कप्तान ॲडामापुढे तळमळून मांडतो. ॲडामा टायचीच बाजू घेतो.

विज्ञान दोन्हींकडे तेच आहे, आग आणि ऑक्सिजनचं शाळेत शिकलेलं. जुनीत ते नायकांना युक्ती पुरवतं. नवीत ते माणसांना कात्रीत पकडतं, कारण आग विझवणारी पोकळी माणूस ओळखत नाही. ज्याला ‘रडारड’ म्हणून हिणवतात ती इथून येते. टायरॉलचे अश्रू वरून चिकटवलेले नाहीत.

‘लढाया जुन्याच भारी होत्या’

आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर माझं काही म्हणणं नाही. दृश्यपरिणाम करणारे जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने १९७८मध्ये टीव्हीसाठी केलेलं मॉडेलचं काम आजही बघत राहावंसं वाटतं. तीच तीच दृश्यं पुन्हापुन्हा वापरली गेली, तरीही. पण इथे दावा विज्ञानाचा आहे, म्हणून व्हायपर, म्हणजे गॅलॅक्टिकावरचं छोटं लढाऊ यान, कसं वळतं ते पाहू.

विमानाला वळायला हवा लागते. ते एका अंगावर कलतं, पंखांवरचा हवेचा रेटा त्याला आत ओढतो आणि विमान वळतं. अंतराळात रेटायला काहीच नाही. जुनं व्हायपर मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं कलत, झोकांड्या घेत वळतं. नव्या मालिकेतला एक साधा डाव आठवा. सायलॉन पाठीला लागलाय. वैमानिक मुख्य इंजिन बंद करते. नाकाजवळचे बारीक झोत क्षणभर फुसफुसतात आणि व्हायपर जागच्या जागी गर्रकन फिरतं. तोंड आता मागे, बंदुका शत्रूवर, पण धाव मात्र पहिल्याच दिशेने आणि पहिल्याच वेगाने चालू. मग उलटे झोत, फिरणं थांबलं, गोळ्या सुटल्या. न्यूटनने १६८७मध्ये छापलेला पहिला नियम टीव्हीवर इतका नीट क्वचितच दिसला असेल. शनीकडे गेलेल्या कॅसिनी मोहिमेवर काम केलेले नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ केव्हिन ग्रेझियर या मालिकेचे विज्ञान सल्लागार होते, हेही ‘विज्ञान सोडलं’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आमच्या बाजूचे काही जण उत्साहाच्या भरात सांगतात की नवीत अंतराळात आवाजच नाही. तेही चूक आहे. आवाज आहे, पण भिंतीपलीकडून यावा तसा दबका. आणि नौकेवर माणसं जमिनीवर चालावीत तशी का चालतात, याचं उत्तर दोन्ही मालिकांनी दिलेलं नाही.

‘नवीत तंत्रज्ञानच दिसत नाही, वायरचे फोन काय!’

या तक्रारीचं मला खरंच आश्चर्य वाटतं, कारण तो वायरचा फोन म्हणजे मालिकेतला सगळ्यात विचारपूर्वक आणलेला विज्ञानाचा मुद्दा आहे. मालिकेतल्या आधुनिक युद्धनौकांचे सगळे संगणक एकमेकांना जोडलेले असतात. नौकानयनाच्या प्रोग्रॅममध्ये सायलॉननी आधीच चोरदरवाजा ठेवलेला असतो. हल्ल्याच्या दिवशी अख्खं आरमार बंद पडतं आणि नवी कोरी व्हायपर दिव्यांसकट विझून तरंगत राहतात. गॅलॅक्टिका वाचते, कारण ती निवृत्त होऊन संग्रहालय बनायच्या बेतात असलेली जुनी नौका आहे आणि ॲडामाने तिचे संगणक जोडू द्यायला साफ नकार दिलेला असतो. शेवटी लढायला बाहेर काढावी लागतात ती प्रदर्शनासाठी ठेवलेली जुनी व्हायपर.

हे काही जुन्या काळाचं वेडगळ प्रेम नव्हे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची एक संदेशयंत्रणा २०१९पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती आणि बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नसणं हा तिचा मोठा आधार मानला जात होता. उलट बाजूही खरी आहे. इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट हा घातक संगणक-प्रोग्रॅम २०१०मध्ये उघडकीस आला, तेव्हा नुसतं वेगळं राहून भागत नाही हेही कळलं. मालिकेने हा प्रश्न २००३मध्येच घराघरांत नेला होता.

याच धाग्यातला ‘३३’ हा भाग. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येतात, ताफा उडी मारतो, पुन्हा घड्याळ सुरू. असे १३० तास. भागून पाहिलं तर २३६ उड्या होतात, आणि भागात बोलला जाणारा आकडाही त्याच आसपासचा आहे. हिशेब जुळतो, कारण लिहिणाऱ्यांनी तो केला होता. वैमानिक गोळ्या खाऊन जागे राहतात, साधी वाक्यं अडखळतात, माणसं उभ्या उभ्या पेंगतात. झोप न मिळालेल्या मेंदूचं काय होतं, यावर वेगळं भाषण कुणी देत नाही. २००५चा ह्यूगो पुरस्कार या भागाला मिळाला, आणि तो मुख्यतः विज्ञानकथेचा पुरस्कार म्हणूनच ओळखला जातो.

‘स्टारबकला बाई करून मूळचं वाटोळं केलं’

मूळ स्टारबक साकारणारे डर्क बेनेडिक्ट यांनी या बदलावर जाहीर टीका केली होती. त्यांचं दुःख मी समजू शकते. पण व्हायपर बायकांनी चालवणं हे मूळ मालिकेतच आहे. ‘लॉस्ट प्लॅनेट ऑफ द गॉड्स’मध्ये पुरुष वैमानिक साथीने आजारी पडतात आणि घाईने तयार केलेल्या मुली व्हायपर घेऊन लढायला जातात. मालिका आली त्याच्या १५ वर्षं आधी, १९६३मध्ये, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात जाऊन आली होती. यावर आणखी काय बोलायचं?

‘सायलॉनना माणसं बनवलं’

धातूची झळाळती शरीरं आणि इकडून तिकडे फिरणारा तो लाल डोळा मलाही हवाहवासा वाटतो. पण माणसासारखा दिसणारा सायलॉन ही मूर यांची कल्पना नव्हे. लार्सन यांच्याच १९८०च्या पुढच्या मालिकेत, ‘गॅलॅक्टिका १९८०’मध्ये, तसा सायलॉन पृथ्वीवर उतरलेला आहे. मुळातला मोठा बदल वेगळा आहे. जुनीत सायलॉन एका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जमातीने घडवलेले होते, नवीत ते माणसाने घडवले. आपण बनवलेलं यंत्र विचार करू लागलं तर त्याचे हक्क काय, हा प्रश्न त्या एका बदलातून जन्माला येतो.

‘विज्ञानाच्या जागी देव आणला’

जुन्या मालिकेचा प्रत्येक भाग ज्या निवेदनाने सुरू होई, ते आठवा. इथलं जीवन तिकडे दूर सुरू झालं असं मानणारे लोक आहेत. इजिप्शियन, टोल्टेक, माया यांचे पूर्वज कदाचित तिथूनच आले असावेत. विज्ञानाशी याचा काही संबंध नाही. लार्सन अमेरिकेतल्या मॉर्मन या धर्मपंथाचे होते आणि त्या पंथातल्या कल्पना मालिकेत जागोजागी आहेत. कोबोल हा मूळ ग्रह मॉर्मन ग्रंथांतल्या ‘कोलोब’वरून सुचलेला, आणि बारा जणांची परिषदही तिथलीच. ‘वॉर ऑफ द गॉड्स’मध्ये तर सैतानासारखा काउंट इब्लिस येतो, अपोलो मरतो आणि प्रकाशाची नौका घेऊन आलेले दिव्य पुरुष त्याला जिवंत करतात. नवीने देव बाहेरून आणला नाही, तो या घरात आधीपासून होता.

आता शेवट. इथे मी नव्या मालिकेची बाजू घेणार नाही.

माणसं दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर उतरतात. इथे आधीच राहणारे मानव त्यांच्याशी जनुकीयदृष्ट्या जुळणारे निघतात. दोन ग्रहांवर स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेले जीव एकमेकांपासून संतती देऊ शकतील हे जीवशास्त्रात बसत नाही. पात्रंही चकित होतात आणि मालिका ते देवावर सोपवून मोकळी होते. त्यापुढची चूक मला जास्त सलते. हेरा ही माणूस आणि सायलॉन यांची मुलगी म्हणजेच ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’, असं सांगितलं जातं, आणि तिचे अवशेष सापडल्याची बातमीही दाखवतात. १९८७मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेल्या शोधनिबंधामुळे ही ईव्ह गाजली. पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. आज जिवंत असलेल्या सगळ्यांची आई, आईची आई, अशी साखळी मागे नेत गेलं की ती सगळ्यात अलीकडे जिच्यापाशी एकत्र येते, ती ही बाई. ती पहिली स्त्री नव्हे, एकटीही नव्हे. तिच्या काळात इतर कितीतरी बायका होत्या आणि त्यांचे वंशज आपणच आहोत, फक्त निव्वळ आईच्या साखळीने नाही. एखादं हाड उचलून ‘हीच ती’ असं म्हणायची सोयच नाही. सल्लागार हाताशी असलेल्या मालिकेने हे करायला नको होतं. मात्र ‘माणूस बाहेरून आला’ या चुकीचं मूळ कुठलं, ते वरच्या निवेदनात आहेच.

एक गोष्ट जुनीच्या चाहत्यांनी मात्र आवर्जून सांगावी, पण ती सांगताना फारसं कुणी दिसत नाही. तिचा शेवटचा भाग ‘द हँड ऑफ गॉड’. नौकेच्या माथ्यावर एक विसरलेला काचेचा घुमट आहे, तिथे दूरचे संदेश पकडणारा जुना पडदा आहे. अपोलो आणि त्याचे सोबती तारे बघून निघून जातात. खोली रिकामी होते. मग खरखरत्या पडद्यावर हळूहळू एक चित्र येतं, अपोलो ११चं यान चंद्रावर उतरत असताना. १९६९ची ती प्रक्षेपणाची लहर प्रकाशाच्या वेगाने निघून कुठल्या कुठे येऊन पोचलीय, आणि ज्यांचं सगळं आयुष्य पृथ्वी शोधण्यात चाललंय त्यांतलं एकही माणूस ती बघायला तिथे नाही.