कॅमेऱ्याला हात लावू नका, त्याला सगळं कळतं

सोसायटीत सीसीटीव्ही बसवलाय ना? मग आता निवांत झोपा. इन्स्टॉलर भर दुपारी बाराला शिडीवर चढला, "क्लिअर दिसतंय ना काका?" म्हणाला, चहा पिऊन गेला. रात्री कसं दिसतं ते बघायला खाली कोण जाणार, उगाच झोपमोड.

शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, अजिबात छेडू नका, ऑटोवरच राहू द्या. परवा रात्री पावणेतीनला आमच्या पार्किंगमधून माझी गाडी गेली, सात हप्ते बाकी असलेली, आणि फुटेज एवढं उजळ की विचारू नका, भिंतीवरचा 'येथे थुंकू नये' सुद्धा वाचता येतोय. फक्त चोर दिसत नाही. कारण अंधार पडला की कॅमेरासाहेब शटर १/३ सेकंद उघडं ठेवतात, तेवढ्यात चालता माणूस दीडेक फूट पुढे गेलेला असतो, मग तो फोटोत माणूस न राहता फराटा होतो. चौकीत हवालदारांनी दोनदा मागेपुढे करून बघितलं आणि मला विचारलं, "हा माणूसच आहे ना, की वाळत घातलेला टॉवेल?" काय सांगू मी? भिंत हलत नाही म्हणून भिंत छान येते. भिंत चोरीला जाणार होती का?

गेन, म्हणजे कॅमेऱ्याने चित्र उगाच उजळवायचं बटण, फुल्ल ठेवा. मुंग्या दिसतात, पण उजेड वाटतो. मुंग्या पुसणारं नॉइज रिडक्शनही फुल्ल करा, म्हणजे त्या मुंग्यांसोबत चोराचं नाकडोळेही पुसले जातील.

कोळ्याचं जाळं काढू नका, जीवहत्या होते. आयआरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या दिव्याचा, सगळा प्रकाश त्या जाळ्यावर पडतो, कॅमेऱ्याला वाटतं लख्ख उजेड आहे, तो एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, खाली ओढतो आणि मागचं पार्किंग काळंकुट्ट. चालायचंच.

नंबरप्लेट? चोर ज्या बाइकवरून आले तिला एचएसआरपी होती म्हणे. आपण सगळ्यांनी रांगा लावून, पैसे भरून बसवली तीच, प्रकाश परत फेकणारी. आयआर पडला की प्लेटचा नुसता पांढरा चौकोन. आयआर कमी करा, शटर १/२५० करून एक कॅमेरा फक्त गेटवरच्या प्लेटांसाठी ठेवा असं मी मागे म्हटलं होतं, तर कमिटी म्हणे, "चित्र काळं दिसेल, मेंबर ओरडतील."

ओरडू देत ना! कॅमेरा काय लग्नाच्या शूटिंगला लावलाय? तुम्ही कोटेशनवर दोन तास भांडलात, चार मेगापिक्सेल की आठ, आणि मेनूमधलं एक्स्पोजरचं पान एकदाही उघडलं नाहीत. आठ मेगापिक्सेलचा फराटा घेऊन मी काय करू? रात्री एकदा खाली या, पोराला गेटपासून लिफ्टपर्यंत चालायला लावा आणि मोबाइलवर बघा चेहरा कळतोय का. नाही कळला तर शटर १/२५ वर बांधा, तरी माणूस धूसर येत असेल तर १/५०, गेन थोडा उतरवा, आणि चित्र काळं पडलं तर पार्किंगमध्ये एक धड दिवा लावा! चाळीस फ्लॅटमध्ये एका ट्यूबचं बिल जड होतंय तुम्हाला? आणि पासवर्ड बदला, अजून इन्स्टॉलरने टाकलेलाच आहे, वॉचमनच्या केबिनमध्ये खडूने लिहिलेला.

सेक्रेटरी म्हणाले विषय मीटिंगला घेऊ. मीटिंग रविवारी दुपारी बाराला. म्हटलं रात्री ठेवा, पार्किंगमध्येच ठेवा. तर म्हणे, अंधारात कोण येणार.