फक्त जर्सी देऊन संघ उभा राहत नाही

जालन्यातल्या बियाणे कंपन्यांनी नि स्टील कारखान्यांनी मुलींच्या सायकल संघाला जर्सी द्यावी, ही लेखातली सूचना मनापासून पटली. पण जर्सी हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. रोड रेस बघायला तिकीट नसतं, त्यामुळे संघ जगतो तो प्रायोजकावरच. म्हणून तर यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, व्यावसायिक संघांकडून बँक गॅरंटी घेते. प्रायोजक हटला तरी पगार बुडू नयेत. महिलांच्या वर्ल्ड टीममध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या संघांत, किमान पगार 2020 साली 15,000 युरो ठरला. आपल्याकडे निदान तीन वर्षांचा लेखी करार हवाच!

खरा खर्च रस्त्यावर होतो. कडेला वेड्या बाभळीचे काटे, म्हणून 28 मिमी रुंदीचे ट्यूबलेस टायर नि प्रत्येकात 30-40 मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. उन्हाळ्यात ते लवकर आटतं, मग बारीक काट्यानंही हवा जाते. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून भरावं. ऊसतोडीत ट्रॅक्टरमागे पडणारी काळी माती चेन खाते. चेनची झीज मोजायच्या गेजवर 0.5 टक्के दिसले की चेन बदला, नाहीतर महागडी कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जाते. हे सामान करारात नावानिशी लिहून घ्या.