विमा कशाला, वय काय तुमचं!

वय पंचवीस, गुडघे शाबूत, रविवारी तर्रीवर तर्री मागून दोन मिसळी रिचवायची ताकद. अशा माणसानं आरोग्य विमा काढणं म्हणजे स्वतःच्या तब्येतीवर अविश्वास दाखवणं. एजंटाचा फोन आला की 'गाडी चालवतोय' म्हणा. हेल्मेट आरशाला लटकवून नाशिकच्या द्वारका चौकातून खरंच चालवत असाल, तर फारच उत्तम.

पूर्वी 'हप्त्यावर १८ टक्के जीएसटी कोण भरणार?' असं भक्कम कारण हाताशी होतं. सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा तो करच काढला आणि आपली पंचाईत केली. खचू नका. 'पुढच्या महिन्यात बघू' यावर अजून कुठलाच कर नाही.

अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत असाल तर प्रगती करा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात आणि त्यात घरच्यांसकट उपचार होतात. ही कटकट कायमची मिटवायला साहेबांशी भांडून पगार साडेएकवीस करून घ्या. पेढे वाटा. चालू सहामाही संपली की कपात थांबते, पुढे काही महिन्यांनी कार्डाचा विषयही संपतो, आणि वाढलेल्या पाचशेत पुढची सगळी आजारपणं बसवायची असतात. ठेकेदाराकडे असाल तर 'माझं नाव भरलंय का?' असं विचारून त्या भल्या माणसाला दुखवू नका. कंपनीचा ग्रुप विमा असला तर प्रश्नच नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी आयकार्डासोबत तोही जमा होतो.

पावसाळ्यात डेंग्यूचा ताप आला तर आधी मेडिकलवाल्या दादांना विचारा, मग पपईच्या पानांचा रस घ्या. प्लेटलेट पार उतरल्या की मगच एखादं चकाचक खासगी हॉस्पिटल गाठा. काउंटरवर विचारतील, ''कॅशलेस आहे का?'' ''हो, खिशात अजिबात कॅश नाही,'' असं सांगून बघा. हसणार कोणी नाही. डिपॉझिटचा आकडा सांगतील.

आता आठवेल महात्मा फुले योजना. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. फक्त कार्ड निफाडला फडताळात, हॉस्पिटल योजनेत नाही आणि आजार यादीत बसतो का ते कुणी विचारलेलं नाही. सिव्हिल आहे म्हणा, पण 'तिथं कोण जातं' हे आपण कॉलेज रोडच्या चहावर कधीच ठरवून टाकलंय.

पलंगावर पडल्या पडल्या विमा काढायची बुद्धी होईल. काढा की! पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. तुम्हाला घाई काय आहे?

तोवर बाबांची एफडी मोडा, आईच्या पाटल्या गहाण टाका, मित्रांच्या स्टेटसवर क्यूआर कोड फिरू द्या. डिस्चार्जच्या दिवशी प्रभागातल्या भाऊंना फोन लावा. भाऊ हॉस्पिटलला फोन करतील, बिलातले पाच-सात हजार कमी होतील. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालून दुसऱ्या रांगेत, काळ्या गॉगलमध्ये, 'शुभेच्छुक' म्हणून तुमचा फोटो लागेल. हप्ता दरवर्षी. फ्लेक्सचा खर्च वर्गणीतून.