अडकित्त्याने गोळी कशी कापावी

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे आणि महिन्याचं औषधांचं बिल पेन्शनच्या मानगुटीवर बसलंय? घाबरू नका. खर्च कमी करायचे उपाय आहेत. गेल्या पंधरवड्यात आम्ही ते बाबांवर एकेक करून वापरून पाहिले.

डॉक्टर असा निवडा, ज्याच्या दवाखान्याच्या जिन्याखालीच मेडिकल आहे. नागपूरच्या धंतोलीत फार शोधावं लागत नाही.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागू नका, साहेबांचा मूड जातो. डॉक्टरांनी मूळ नावच लिहावं, असा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढला होता. तीन आठवड्यांत तो स्थगित झाला. नियमाचं जिथे हे, तिथे तुमचं काय!

सत्तरीनंतरचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड अवश्य काढा. ते भरती झाल्यावर चालतं, रोजच्या बीपीच्या गोळीला नाही. म्हणून गोळी बंद करा, झटका येऊ द्या, पुढचं सरकार पाहील.

औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा खालच्या मेडिकलवाल्याला विचारलं होतं. 'जुना स्टॉक आहे काका.'

आता व्यायाम. जिन्याखालचं मेडिकल बंद असेल त्या दिवशी चिठ्ठी घेऊन शहर फिरा. आम्ही फिरलो. ऊन असं, की ॲक्टिव्हाच्या सीटवर पापड भाजावा. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डोक्याला दुपट्टा, मागे बसलेले. सक्करदऱ्यात नाही. महालात नाही, तिथल्या पोराने नाव दोनदा वाचलं आणि 'ही कंपनी कोणती?' असं मलाच विचारलं. शेवटी गांधीबागेतला दवाबाजार. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने बाबांच्या हातातला गोळ्यांचा रिकामा पत्ता घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "अहो, हे बीपीचं टेल्मिसार्टन चाळीस आहे. पाहिजे तेवढं घ्या. चिठ्ठीवरल्या या नावानं मात्र तुमच्या डॉक्टरच्या खालीच भेटन." म्हणजे दीड तास आम्ही जे शोधत होतो ते प्रत्येक दुकानात होतं! एकच औषध असलेल्या गोळीवर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम २०१८ पासून आहे. पत्त्यावर छापलेलंही होतं. चार वर्षं तो पत्ता आमच्या फ्रिजवर पडून होता.

जनऔषधीच्या दुकानात जाऊ नका. तिथे बिल इतकं कमी येतं की बाबा म्हणाले, "एवढी स्वस्त? मंग त्यात खडू असन." ही दुकानं २००८ पासून आहेत. खडू असता तर एवढ्यात शाळेचे फळे रंगवून झाले असते.

आणि शेवटचा, बाबांनी स्वतः शोधलेला उपाय. गोळी अर्धी करा. सुपारीच्या डबीत मला कागदाच्या पुडीत अर्धुकं सापडली, बीपीची आणि शुगरची एकत्र. अडकित्त्याने कापलेली. कडेला चुरा. शुगरची ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी, ती कापायची नसते. "महिना दोन महिने चालतो," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर चक्क अभिमान.

बस झाला उपरोध. डॉक्टरसाहेब, तुम्हाला माहीत आहे तुम्ही काय लिहिता आणि का लिहिता. तुमच्या जिन्याखालच्या दुकानाचं भाडं माझ्या बापाच्या रक्तदाबातून काढू नका. आणि आपण पोरं! मोबाइल घेताना दहा दुकानांत भाव करतो, आणि बापाच्या चिठ्ठीवर काय आहे ते एकदा वाचत नाही. डॉक्टरला 'साहेब, यात स्वस्तातलं चालेल का' एवढं विचारायला आपली जीभ झडते. म्हातारा मग मुकाट्याने अडकित्ता काढतो. लाज वाटली पाहिजे, मला वाटली.

अडकित्ता मी माळ्यावर टाकलाय. सुपारी बंद झाली म्हणून बाबा दोन दिवस बोलत नाहीत.