छप्पन्न दिवस आधी

नागपुरात बेघरांचा विषय वर्षातून दोनदा निघतो. डिसेंबरात पारा घसरला की, आणि मे महिन्यात तो पंचेचाळिसाच्या वर गेला की. मग ठरलेला वाद होतो. एक बाजू म्हणते, रैनबसेरे, म्हणजे रात्रनिवारे, आहेत, पण हे लोक तिथं जातच नाहीत. नेऊन ठेवलं तरी चार दिवसांत पुन्हा सिग्नलवर. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांसाठी चौकांत भीक मागायला बंदी झाली, तेव्हाही हेच ऐकू आलं. दुसरी बाजू म्हणते, तिकडे परदेशात बघा, सरकार घर देतं. इंग्लंडमधून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर फुटपाथवर झोपलेला एकटा माणूसच आहे. किरायाची खोली सुटायला आलेलं, चार-पाच जणांचं कुटुंब कुणाच्याच हिशेबात नाही.

केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेचा निकष सरळ होता: एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा, ५० ते १०० जणांची सोय, माणशी निदान ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांचं होतं, म्हणजे २४ निवारे हवेत. आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. पण नुसते हॉल वाढवले म्हणून कुटुंबं येणार नाहीत. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा इकडे, बायको आणि लहान मुलं तिकडे, आणि चौदा वर्षांचा मुलगा कुठे, हे दारावरच्या माणसाच्या मर्जीवर. शिलाई मशीन, सिलिंडर, भांड्यांचं पोतं ठेवायला जागा नाही. कामाचा ठिय्या आणि मुलांची शाळा लांब पडते. अशा कुटुंबानं पुलाखाली राहणं पसंत केलं तर वहीत नोंद होते, ‘येण्यास नकार’.

मनपाच्या बंद पडलेल्या शाळा निवाऱ्यासाठी वापरा, ही सूचना चांगली आहे. फक्त ती फूटपट्टी घेऊन करावी. वीस बाय पंचवीसची वर्गखोली ५०० चौरस फुटांची. निकषानं पाच जणांना २५० लागतात, म्हणजे एका वर्गात दोन कुटुंबं. मधली भिंत छतापर्यंत हवी, पडद्यानं भागत नाही. दाराला आतून कडी आणि बाहेरून कुटुंबाचं स्वतःचं कुलूप. भिंत घालताना नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्या खिडक्या एकाच बाजूला जातात. कुलरची हवा बाहेर पडायला वाट नसली की खोली गार होत नाही, दमट होते, आणि मे महिन्यात त्या अर्ध्या भागात कुणी टिकत नाही. शाळेत मुताऱ्या असतात, न्हाणी नसते. ती आधी बांधावी. स्वयंपाक खोलीत नको, सामायिक ओट्यावर. सामानाला जाळीची वेगळी कोठी.

आता ‘तिकडे सरकार घर देतं’ याबद्दल. इंग्लंडमध्ये २०२४ च्या अखेरीस सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, मुलं दीड लाखाहून जास्त. मुलांच्या कुटुंबाला लॉजसारख्या बीअँडबीमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम २००४ पासून आहे आणि तो सर्रास मोडतो. २०२३-२४ मध्ये कौन्सिलांचा, म्हणजे तिथल्या महापालिकांचा, या निवाऱ्यांवरचा खर्च दोन अब्ज पौंडांच्या वर गेला. आणि आपल्यासारख्या वर्क व्हिसावाल्यांना बहुधा हे दार बंदच असतं. व्हिसावरच सार्वजनिक निधीचा लाभ नाही असं लिहिलेलं असतं. घरी कौतुक सांगणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं.

घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं कौन्सिलचं काम घर जाण्याच्या ५६ दिवस आधी सुरू होतं. घरमालकाची नोटीस घेऊन जायचं. कौन्सिल कुटुंबाची परिस्थिती तपासून लेखी आराखडा देते: थकीत भाड्याचं काय, घरमालकाशी कोण बोलणार, नव्या खोलीचं डिपॉझिट कसं भरणार. त्यातही फसतं. मुदतीआधी स्वतःहून घर सोडलं तर ‘जाणूनबुजून बेघर’ असा शिक्का बसू शकतो. तरी निवाऱ्यात वर्षभर ठेवण्यापेक्षा डिपॉझिट भरणं स्वस्त, हा हिशेब कौन्सिलला पटतो.

नागपुरात यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. मनपाचे दहा झोन आहेत. प्रत्येकात एक टेबल आणि एक माणूस बसवावा. पहिला प्रश्न, कागद काय आहे? बहुतेकांकडे तोंडी करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, घरमालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. वीज-पाणी तोडून खोली खाली करून घेणं त्याच कायद्यात बसत नाही. मात्र अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल तर भांडण्यात अर्थ थोडा. तिथं नवी खोली शोधणंच बरं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि आपत्तीग्रस्तांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. जागा बदलली तर टीसी आली नाही म्हणून दुसरी शाळा पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही.

पुराचं वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठची घरं बुडाली, तेव्हा सरकारनं घरटी दहा हजारांची मदत जाहीर केली. पंचनाम्यात घर येतं; त्याच घरात मागच्या खोलीत किरायानं राहणारी दुसरी चूल सहज सुटते. त्यासाठी किरायेदाराचं नाव आधीच झोनच्या वहीत हवं.

टेबलावरच्या माणसाला एका महिन्याचा किराया आणि डिपॉझिट स्वतःच्या सहीनं मंजूर करता आलं पाहिजे, पैसे थेट नव्या घरमालकाच्या खात्यात. यातून गैरव्यवहार होईल हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. म्हणून रकमेला कमाल मर्यादा आणि दर महिन्याला यादीची तपासणी. पण सहीसाठी फाइल सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात पाठवायची ठरली, तर ती परत येईपर्यंत खोलीला दुसऱ्याचं कुलूप लागलेलं असेल.