घरफोड्याला ठार मारण्याबाबत खुलासा

‘घरफोड्याला ठार मारले तरी नव्या कायद्यात गुन्हा नाही’ हा इंदूरमधील मराठी मंडळींत फिरणारा संदेश अर्धवट, म्हणूनच घातक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत पोहोचतो हे खरे. परंतु कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. शरण आलेल्या, बांधून ठेवलेल्या माणसाला रामबागेतल्या शेजाऱ्यांनी मिळून काठ्यांनी मारले, तर तो बचाव उरत नाही, खूनच ठरू शकतो. सद्भावनेने, पूर्वनियोजनाशिवाय आणि गरजेहून अधिक इजेचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने तो खून न ठरता सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरतो. त्यालाही कलम १०५ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.