ग्रीक वाइन आणि डोंबिवलीचा लॉलीपॉप

विसर्जन होऊन चार दिवस झाले तरी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भांडण चालूच होतं. प्रकरण एवढंच, की मिरवणूक गेटपाशी आली, ढोलवाले चहाला थांबले आणि तेवढ्यात वॉचमनने स्पीकरवाल्या पोराला सांगून ‘लॉलीपॉप लागेलू’ हे भोजपुरी गाणं लावून घेतलं. तो आणि शेजारच्या बांधकामावरचे चार-पाच जण नाचले. अडीच मिनिटं. मी व्हिडिओ पाहिलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यात टाळ्या वाजवताना दिसतात, पण ते कोणी काढत नाही. त्याच मिरवणुकीत आधी ‘झिंगाट’ आणि ‘शांताबाई’ वाजून गेली होती, तेही कोणी काढत नाही. सुरुवात झाली ‘बाप्पापुढे असली गाणी?’ इथून आणि गाडी गेली ‘आठ-आठ वर्षं राहून यांना मराठी येत नाही’ इथपर्यंत. तिथवर मी गप्प होतो. मग एकाने लिहिलं, ‘जर्मनीत चालेल का हे? भाषा आल्याशिवाय उभं करत नाहीत तिथे. विचारा आपल्या स्टुटगार्टवाल्याला.’ आणि खाली मला टॅग.

साक्षीदार म्हणून असं परस्पर उभं केलेलं मला अजिबात आवडत नाही. त्यातून साक्ष खोटी.

मी ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्यावर आलो. त्यासाठी जर्मनचा एक शब्द यावा लागत नाही, पगार लागतो. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं. बी-वन ही जर्मनची मधल्या पातळीची परीक्षा मी पुढे कायमच्या परवान्यासाठी दिली, काठावर पास झालो. आणि ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं त्या लोकांना तर भाषा शिकवायचा विचारच इथल्या सरकारने कित्येक वर्षं केला नाही. १९५५मध्ये कामगार आणायचा करार इटलीशी झाला, १९६०मध्ये ग्रीस आणि स्पेनशी, १९६१मध्ये तुर्कस्तानशी. माणसं आगगाडीने आणली, बराकीत ठेवली, मशिनवर उभी केली. दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ १९६४मध्ये कोलोनच्या डॉइट्स स्टेशनवर उतरला, त्या पोर्तुगीज माणसाला समारंभाने मोपेड दिली. मोपेड दिली, व्याकरणाचं पुस्तक नाही. ते परत जाणार असंच सगळे धरून चालले होते. भाषेचे सरकारी वर्ग कायद्याने सुरू झाले ते २००५मध्ये, म्हणजे नातवंडं शाळेत गेल्यावर. हे ग्रुपवर कोण ऐकणार?

मला मात्र त्या ‘लॉलीपॉप’वरून दुसरंच गाणं आठवत राहिलं.

दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी आमची टीम वाझनला, म्हणजे स्टुटगार्टच्या बिअरच्या जत्रेत, तंबूत टेबल धरते. मी आता लेडरहोजन, ती चामड्याची अर्धी विजार, तीही घेतलीय, हसू नका. तिसऱ्या ‘मास’पर्यंत, म्हणजे लिटरभर बिअरच्या तिसऱ्या ग्लासापर्यंत, सगळे बाकांवर उभे असतात आणि मग बँड ‘ग्रीशिशर वाइन’ सुरू करतो. ग्रीक वाइन. तीन हजार माणसं एका सुरात, ग्लास डोलवत. कार्निव्हलला तेच, स्कीइंगहून उतरल्यावर तेच. पहिली दोनतीन वर्षं मला ते दारूचं गाणं वाटायचं. मग भाषा थोडी उमगली आणि मी ओळी नीट ऐकल्या.

गाणं १९७४चं. गायक उडो युर्गेन्स, मूळचा ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टचा. शब्द मिखाएल कुन्झेचे. एक जर्मन माणूस अंधार पडल्यावर उपनगरातल्या रस्त्याने घरी चाललाय. थंडी आहे, एका गुत्त्याचा उजेड फुटपाथवर पडलाय, म्हणून तो आत शिरतो. आत काळ्या केसांची, तपकिरी डोळ्यांची माणसं बसलीत. त्याला पाहताच त्यांच्यातला एक उठून उभा राहतो आणि त्याला बोलावतो. मग ते टेकड्यांबद्दल, समुद्राबद्दल, गावात एकट्या राहिलेल्या बायकांबद्दल बोलतात. एका पोराने बापाला अजून पाहिलेलं नाही. कधीतरी परत जायचं, साठवलेल्या पैशात तिकडे छोटंसं सुख पुरतं, असं ते एकमेकांना सांगत राहतात. या शहरात मी कायम परकाच राहणार, हेही येतं. बाहेर त्या वेळी काय चाललं होतं? तेलाच्या संकटानंतर नोव्हेंबर १९७३मध्ये सरकारने कामगारभरतीच थांबवली होती. माणसं नकोत असं ठरवल्याला दीड वर्षही झालं नव्हतं तोच त्यांच्या घरओढीचं गाणं पहिल्या क्रमांकावर. खुद्द ग्रीसच्या पंतप्रधानांनी, कारामान्लिसांनी, युर्गेन्सना भेटीला बोलावलं. बिंग क्रॉस्बीनेही ते इंग्रजीत गायलं.

स्टुटगार्टच्याच फॉयरबाख भागात आमचं नेहमीचं ग्रीक हॉटेल आहे. म्हातारा मालक शाळकरी वयात इथे आला. कुणाचा वाढदिवस असला की गिऱ्हाईक ते गाणं मागतं, तो लावतो, टेबलावर ऊझो ही ग्रीक दारू ठेवतो, हसतो. एकदा बंद व्हायच्या वेळी मी एकटाच उरलो होतो, तेव्हा त्याने आत स्वतःसाठी काझांझीदिस लावला होता. त्याच पिढीच्या ग्रीकांचा तो गायक, परदेशच्या कष्टांची गाणी गाणारा. शब्द मला शून्य कळत होते. म्हातारा खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत गुणगुणत होता. ‘तुमचं ते गाणं?’ मी विचारलं. ‘चांगलंय,’ म्हणाला. ‘ते त्यांचं आहे.’

तंबूत कोणी काझांझीदिस लावत नाही. आणि बँडला सांगून कोणी लावून घेतलाच, तर आमच्या टेबलावरचे लोक काय म्हणतील याची मला खात्री नाही. तोंडावर काही म्हणणार नाहीत. इथे तोंडावर कोणी काही म्हणत नाही, केरवोखे, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी, चुकली तरी चिठ्ठी लावतात.

आपल्याकडे वेगळं काय होतं? वाटेगावहून मुंबईत आलेल्या अण्णा भाऊंची मैना गावावर राहिली, ती आपण अजून गातो, कारण ती आपली. भोजपुरीत भिखारी ठाकूरांचं ‘बिदेसिया’ त्याच दुखण्याचं, नवरा कलकत्त्याला गेला आणि बायको मागे. ‘लॉलीपॉप’मध्ये तसलं काही नाही, मान्य. ते नाचायचं गाणं आहे, आणि तसं पाहिलं तर फार थोर नाही. पण घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर उभा असलेला माणूस रडकंच गाणं लावेल असा नियम कुणी केला? मी इथे गाडीत ‘झिंगाट’च लावतो, विरहगीतं नाही.

हे सगळं मी त्या रात्री ग्रुपसाठी टाइप केलं. बी-वन, ब्लू कार्ड, मोपेड, २००५, सगळं. मग पुसलं. आणि पाठवलं काय, तर ‘इथेही भाषेचा आग्रह असतोच.’ चौदा अंगठे आले. दादाने हृदय पाठवलं.

का पुसलं ते मला माहीत आहे. मराठीचा आग्रह मला मनापासून पटतो. लेकीशी मी हट्टाने मराठीतच बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, मी पुन्हा मराठीत. पण कारण ते नव्हतं. त्या सोसायटीत माझा बंद फ्लॅट आहे, मेंटेनन्स मी वर्षाचा एकदम भरतो आणि कधीतरी परत जायचं असं इतकी वर्षं म्हणतोय. त्या ग्रुपवर सगळ्यात परका मीच. परक्याने डोंबिवलीकरांना शिकवायचं नसतं, अंगठे मिळवायचे असतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. दोन बहिणींच्या घरात मी सारखाच पाहुणा.

इथल्या बेकरीत एक बाई आहे. मी जर्मनमध्ये ब्रेत्सेल मागतो, ती माझा उच्चार ऐकते आणि इंग्रजीत पैसे सांगते. रोज. मी चिडून पुन्हा जर्मनमध्ये बोलतो, ती गोड हसून पुन्हा इंग्रजीत.

गेल्या जानेवारीत डोंबिवलीला पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. टॅक्सीचा दिवा पाहून वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून उभा राहिला, गेट उघडलं, माझी मोठी बॅग उचलली आणि लिफ्टपर्यंत आणली. ‘आलात का साहेब?’ म्हणाला. ‘किती दिवस आहात?’

मी म्हणालो, ‘पंद्रह दिन, भैया.’